हारातलं तिसरं नख

दादा,

तू गेलास त्याला आज अठरा दिवस झाले आणि मला अजून धड रडता आलेलं नाही. आळीतल्या बायका म्हणतात, यमुनाबाई मनाची घट्ट. डोंबलाची घट्ट! भावासाठी रडायला बसावं तर डोक्यात भलतंच काहीतरी घुमायचं आणि रडणं राहूनच जायचं. माझा भाऊ चोर होता की नव्हता, या एकाच विचाराने मला पोखरलं होतं. घे, लिहिलं एकदाचं. कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. तुझ्याबद्दल जे काही बोलायचं ते आजवर तुझ्या तोंडावरच बोलत आले, तुझ्याशीच भांडत आले. मग आता दुसऱ्या कुणाकडे जाऊ? अक्षरं तूच पाटीवर गिरवून घेतली होतीस, तेव्हा चुका सापडल्या तर त्याही तुझ्याच.

नगरात सोनार काय थोडे होते? पण भिंगार कॅम्पातले साहेब तुझंच दुकान विचारत यायचे. वाघाची नखं सोन्यात बसवावीत ती तूच. बाकीचे सोनार नाक मुरडायचे, मेलेल्या जनावराची नखं घरात कशाला म्हणायचे. तुला त्याचं काही नव्हतं. साहेब लांब कुठे जंगलात शिकारीला जायचे आणि आले की फडक्यात बांधलेली नखं तुझ्यापुढे ओतायचे. कधी रानडुकराचा सुळा असायचा, कधी हत्तीच्या शेपटीच्या केसांची अंगठी करून मागायचे. त्यांच्या मडमा ते सगळं गळ्यात, कानात, छातीवर मिरवायच्या. नखं साफ करायचं काम माझ्याकडे. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवायची, कुंच्याने घासायची, तिळाचं तेल चोळायचं आणि कीड लागू नये म्हणून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची. पहिल्या वर्षी मला त्या वासाने जेवण जायचं नाही. "या बायांना हे गळ्यात घालून घास उतरतो तरी कसा?" असं मी म्हणाले की तू मान वर न करता म्हणायचास, "तुझी वहिनी पैठणी नेसून जेवते ना? ते रेशीम काय झाडाला लागतं?" वहिनी होती तेव्हा, आतून हसायची. तुझ्याशी वाद घालून मी कधी जिंकले असेन तर शपथ.

पण ते काम तू मला का दिलंस ते मला ठाऊक होतं. कपाळ पुसून, कुसुमला कडेवर घेऊन तुझ्या दारात आले तेव्हा मी दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचे. तू एकही उपदेशाचा शब्द बोलला नाहीस. एक दिवस नखांचं ताट पुढ्यात सरकवलंस आणि म्हणालास, "यमू, एवढी धुऊन दे, मला उशीर होतोय." कसला उशीर नि कसलं काय. माझे हात कामाला लावलेस म्हणून मी माणसात आले. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

आपलं खरं भांडण झालं ते कुसुमच्या पोरांवरून. नेवाशाला दिली तिला, घर चांगलं, पण पहिली दोन मुलं वर्षाच्या आतच गेली. तिसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा मी तुझ्यामागे लागले. लेकराच्या गळ्यात वाघनख बांधलं की ते दचकत नाही, नजर लागत नाही, हे काय मी नवं सांगत होते? आपल्या आईनेही तुझ्या गळ्यात बांधलं होतं. "ज्याच्या घरात वाघनखांच्या राशी, त्याच्या भाचीच्या पोराला एक मिळू नये?" असं म्हणून मी डोळ्यांतून पाणी काढलं. तू म्हणालास, "ती गिऱ्हाइकाची आहेत यमू. आणि त्या नखांनी खुद्द वाघ वाचला नाही, पोर काय वाचणार?" किती रागावले होते मी! आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. ताट वाढायचे आणि तोंड फिरवायचे.

आणि मग बाळूच्या बारशाला तू आलास, कोटाच्या खिशातून काळ्या दोऱ्यात ओवलेलं नख काढलंस, चांदीची टोपी घातलेलं, आणि माझ्या हातावर ठेवलंस. "कुठून आणलंस रे?" विचारलं तर म्हणालास, "आणलं." बस्स. मी चार बायकांत तुझ्या पाया पडले. वाटलं, हरला माझा भाऊ बहिणीपुढे. मीच ते बाळूच्या गळ्यात बांधलं. असल्या वस्तूकडे कुणी उलटसुलट करून बघतं का? मीही बघितलं नाही. बाळू जगला. आता चार वर्षांचा झालाय, अंगणात कोंबड्यांमागे धावतो.

तुला लकवा झाला त्या दोन दिवसांत तुझी जीभ गेली होती. पण माझं मनगट धरायचास आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं करून दाखवायचास. परत परत. वाकडं बोट, म्हणजे नख. एवढं मला कळलं. पुढचं कळेना. वसंता म्हणाला, "आत्या, बाबांना पाणी हवंय." मी चमच्याने पाणी घातलं. तू मान फिरवलीस. त्या मान फिरवण्याचा मी पुढे किती विचार केला असेल!

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी कॅम्पातून निरोप आला. ती उंच मेजराची मडम आठवतेय ना, आयाकडून मराठी शिकलेली आणि म्हणून आपल्या खेडेगावच्या बायांसारखं "व्हय, न्हाई" बोलणारी? तू तिची नक्कल करून आम्हाला हसवायचास. ते दोघं आता कायमचे विलायतेला निघालेत. कॅम्पातले सगळेच निघालेत, बंगल्याबंगल्यांतून खुर्च्या-पलंग बाहेर पडतायत. तिचा अकरा नखांचा हार आकडा तुटला म्हणून तुझ्याकडे होता. तुझे दिवस झाले की ती स्वतः न्यायला येणार होती. वसंता बिचारा कचेरीतला कारकून, त्याला यातलं काय कळतंय? तो म्हणाला, "आकडा बाबांनी बसवून ठेवलाय आत्या, तू नुसता पुसून ठेव." सुतकात कामाला हात लावू नये, पण रिकामे हात सोसवेनात. मी हार काढला.

डावीकडून तिसरं नख हातात आलं आणि बोट थांबलं. दादा, वीस वर्षं नखं घासतेय मी. खऱ्या नखाच्या पोटाला खोबण असते, बोट फिरवलं की लागते. या नखाचं पोट गुळगुळीत होतं. उजेडात धरलं. म्हशीचं शिंग. कानशीने घासून, तेल पाजून, खऱ्या नखाच्या रंगाला असं आणलेलं की वरून बघणाऱ्याला जन्मात कळणार नाही. नगर जिल्ह्यात असं काम करणारा हात एकच होता.

एकेक आठवायला लागलं. हाच हार बाळूच्या जन्माच्या वर्षी तुझ्याकडे महिनाभर होता. तेव्हा तो तू मला धुवायला दिला नाहीस, "राहू दे, मी करतो," म्हणालास, आणि मला नवल वाटलं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी बारसं. आणि आता मरताना ते वाकडं बोट. यात न कळण्यासारखं काय राहिलं होतं? माझ्या भावाने, ज्याने जन्मभर गुंजभर सोनं इकडचं तिकडे केलं नाही, त्याने गिऱ्हाइकाच्या हारातलं नख काढलं, आणि ते माझ्या रडण्यापायी काढलं. चोर तू, पण चोरी मी करवलेली.

दहाव्याला वसंता घाटावरून मध्येच घरी आला. घामाघूम झालेला. "आत्या, कावळा शिवत नाही. सगळ्यांनी सगळं कबूल करून झालं. दुकान चालवीन म्हणालो, तुला सांभाळीन म्हणालो. बाबांच्या मनात काय राहिलंय, तुला माहीत आहे का?" मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही रे बाबा." शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला म्हणे. मी स्वयंपाकघरात पाठ करून बसले होते. माझ्या खोट्यापायी तू तिथे उपाशी राहिलास असं वाटत होतं.

आता काय करायचं, हे डोक्यातून जाईना. गप्प बसून हार तसाच द्यावा, तर उद्या विलायतेत एखादा जवाहिऱ्या तो उलटा करून बघणार आणि म्हणणार, नगरच्या सोनाराने फसवलं. मडमेला खरं सांगावं, तर वसंताच्या हातात बेड्या पडतील की काय! आणि बाळूच्या गळ्यातलं काढून आणावं तर कुसुमला काय सांगू? ती तर ते नख आंघोळीतही उतरवत नाही. दोन पोरं पुरलेली बाई ती. तरीही अकराव्याचं उरकलं आणि मी मोटारीत बसून नेवाशाला गेले. वसंताला सांगितलं, कुसुमची आठवण येतेय.

मला दारात बघून कुसुम घाबरलीच. "आई, तेरावं व्हायचंय अजून, तू कशी आलीस?" तिच्या सासूबाईंनी मात्र हाताला धरून आत नेलं. "बसा इहीणबाई. लई वाळल्या वो तुमी. भाऊ म्हंजी भाऊच असतोय." मला त्या मायेनेसुद्धा चोरट्यासारखं झालं. म्हटलं, बाळूला आज मी न्हाऊ घालते. घंगाळात पाणी काढलं, पोराला पाटावर बसवलं. तो आपला गाणं म्हणत पाणी उडवत होता. साबणाच्या निमित्ताने नख हातात घेतलं आणि उलटं केलं.

गुळगुळीत. खोबण नाही. शिंग!

मी तशीच बसून राहिले. पाणी निवलं, बाळू कुडकुडायला लागला, तेव्हा कुसुमने येऊन त्याला उचललं. "लक्ष कुठंय आई तुझं?" म्हणाली, आणि त्याला पुसता पुसता ते नख डोळ्यांना लावलं. "मामा गेला, पण मामाने दिलेला वाघ आहे आमच्याजवळ. नाही रे बाळू?" मी तोंडाला पदर लावला. तिला वाटलं भावासाठी रडतेय.

आधी जीव भांड्यात पडला, हे कबूल करते. बाळूसाठी तू चोरी केलेली नव्हतीस. पण मोटारीत बसले, घोडेगाव मागे पडलं आणि नवीनच धास्तीने घेरलं. मग मडमेच्या हारातलं खरं नख गेलं कुठे? लेकरासाठी चोरलं असतंस तर मी देवापुढेसुद्धा तुझ्या बाजूने भांडले असते. आता काय म्हणून भांडू? आणि मला त्या शिंगाच्या तुकड्यापुढे पाया पडायला लावलंस, त्याचा संताप वेगळाच. नगर येईपर्यंत मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. मेलेल्या माणसाला असं बोलू नये.

पंधराव्या दिवशी मडम आली. साहेब बाहेर मोटारीतच बसून राहिला, भोंग्यावर भोंगा वाजवत. वसंताला मी मुद्दाम चहाला दूध आणायला पिटाळलं. रात्रभर ठरवलं होतं, जे व्हायचं ते माझं होऊ दे. हार तिच्यापुढे उलटा ठेवला, तिसऱ्या नखावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे वाघाचं नाही. शिंग आहे. माझ्या भावाने केलंय. काय करायचं ते मला करा, पोराला काही ठाऊक नाही."

तिने चटकन दाराकडे बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "हळू बोल बाई. ठावं हाय मला. मीच सांगितलं हुतं त्यास्नी."

दादा, ती घोड्यावरून पडली होती म्हणे, आणि एक नख फुटून कुठल्या रानात गेलं ते सापडलंच नाही. साहेब रागीट. हार पाहुण्यांना दाखवताना एकेका नखाची शिकार सांगायचा. ती घाबरून तुझ्याकडे आली, शिंगाचं करून दे म्हणाली, आणि कुणाला सांगणार नाही असं तुझ्याकडून वचन घेतलं. "घरच्यास्नी बी न्हाई," म्हणाली, "आन् त्येंनी पाळलं." तू दोन करून तिच्यापुढे ठेवली होतीस, जे जुळेल ते घ्या म्हणून. दुसऱ्याचं काय करणार, असं तिने विचारलं. तर तू म्हणालास, माझ्या बहिणीला लागतंय.

बहिणीला लागतंय! बाळूला नाही, बहिणीला. तुला बरोबर कळलं होतं ते कुणाच्या गळ्यासाठी आहे.

मी वेड्यासारखं तिला सगळं सांगून टाकलं, कुसुमची दोन पोरं, बारसं, सगळंच. तिचं एक मूल इथल्याच गोऱ्यांच्या दफनभूमीत आहे, ते मागे टाकून ती निघाली होती, हे तिने तेव्हा सांगितलं. मग झग्याच्या गळ्यापाशी टोचलेली पिन काढून माझ्यापुढे धरली. लहानसं नख, सोन्याच्या कोंदणात. खरं होतं, हातात न घेताही मला कळलं. "ह्ये घे," म्हणाली, "तुज्या नातवाला. ह्ये माझं हाय, साहेबाचं न्हाई."

एका नखासाठी तुझ्याशी किती भांडले ते आठव. आणि ते समोर आलं, खरंखुरं, कुणी चोरलेलं नाही, दिलेलं. माझ्या तोंडून गेलं, "नको मॅडम. पोरगं ठीक आहे." ते कसं गेलं माझं मलाच ठाऊक नाही. बाहेर साहेबाने पुन्हा भोंगा वाजवला. तिने पिन परत टोचली, माझा हात दाबला, हार पिशवीत टाकला आणि गेली. वसंता दूध घेऊन आला तोवर रस्त्यावर धूळ होती नुसती.

तुला चोर म्हटलं, दादा. बारा दिवस म्हटलं. क्षमा कर, हे लिहायलासुद्धा लाज वाटते. ते वाकडं बोट कशासाठी होतं ते तीन दिवस शोधतेय. "यमू, ते शिंग आहे, घाबरू नकोस," असं म्हणत होतास? की "ते शिंग आहे, आता तू सांभाळ," असं? हे तरी सांगून जायचंस.

कारण आता एक गोष्ट माझ्या लक्षात येतेय आणि त्यापायी झोप लागत नाही. बाळूला जरा कुठे शिंक आली, खोकला झाला, की तू डॉक्टरांकडून औषधाची बाटली भरून घेऊन पहिल्या मोटारीने नेवाशाला पळायचास. पावसात, उन्हात, दुकान बंद ठेवून. मी थट्टा करायचे. "गळ्यात वाघ असताना तू कशाला रे धावतोस?" तू मफलर गुंडाळत म्हणायचास, "वाघाला सोबत नको का?" आणि मी हसून खुशाल माझ्या कामाला लागायचे. मी निजायचे, कुसुम निजायची, तिची सासू निजायची. आम्हा सगळ्यांना त्या नखाचा भरवसा. त्या पोराच्या गळ्यात काही नाही, हे एकट्या तुला माहीत होतं. चार वर्षं आमच्या वाटणीचीही भीती तू एकट्याने खाल्लीस, आणि वर आमची थट्टाही ऐकून घेतलीस.

हे इथवर लिहिलं आणि पोस्टमनने हाक मारली. कुसुमचं कार्ड. घाईत लिहितेय, पुढची अक्षरं वाकडी आली तर समजून घे. लिहिते, बाळूच्या अंगात परवापासून कणकण आहे, काही खात नाही, पण तू एवढ्यात येऊन गेलीस, परत दगदग करू नकोस, काही होणार नाही, गळ्यात मामाचं वाघनख आहे.

डॉक्टरांचा दवाखाना बारापर्यंत उघडा असतो. बाटली मी धुऊन घेतलीय. वसंताला दुकानाची किल्ली देते आणि निघते.